खुंटाला टांगलेली मोटारबोट

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे जिना चढू देतात का, आणि कानाचं यंत्र लावतेस की डबीतच ठेवतेस, ते कळव. (डबीत असेल तर हे पत्र कुणाकडून मोठ्यानं वाचून घेऊ नकोस, मजकूर खासगी आहे.) माझी प्रकृती ठणठणीत. मन तेवढं ठिकाणावर नाही, कारण तुझ्या भाचीनं माझी शिडाची होडी विकायला काढली आहे.

निमित्त काय, तर गेल्या महिन्यात वारा पडला आणि मी खाडीच्या मध्यावर चार तास बसून राहिलो. आता वारा काय माझ्या हातून पडला? मी आपला डोलकाठीला टेकून शाळेतल्या कविता म्हणत होतो, मजेत होतो. तेवढ्यात जावईबापू मोटारबोट घेऊन आले आणि दावं लावलेल्या शेळीसारखं मला धक्क्याला ओढून आणलं. तेव्हापासून घरात ठरून गेलंय की पाण्यातलं कळतं ते जावईबापूंना, आणि मी म्हणजे तरंगता ओंडका.

या मोटारवाल्यांना काय कळतं ते सांगतो. किल्ली फिरवली की बोट निघते, हे कळतं. (किल्ली कपाटालाही असते, म्हणून कोणी कपाटाला दर्यावर्दी म्हणत नाही.) वारा कुठला म्हणून विचारावं तर जावईबापू मोबाइल काढतात. आपल्या कानाच्या पाळीला जे फुकट कळतं, ते यांना बॅटरी संपली की कळेनासं होतं. शिडवाला धक्क्याला लागतो तो पाण्यावर पान टेकावं तसा. हे येतात भोंगा वाजवत, मागून यांची लाट येते, बांधलेल्या होड्या एकमेकींना टकरा देतात आणि पहारेकऱ्याच्या कपातला चहा त्याच्या विजारीवर. वर काळा चष्मा, जणू सूर्यानं यांच्याकडे बघू नये. आमच्या मास्तरांनी समुद्र कवितेतून शिकवला, तरी आम्हाला पोटातून कळला. यांनी तो हप्त्यानं घेतलाय.

तर परवाची गोष्ट. लेक, जावईबापू आणि मी, तिघंही त्यांच्या बोटीतून फिरून भर भरतीत धक्क्याला लागलो, दोर खुंटाला बांधला गेला आणि घरी जेवायला गेलो. दोर आखूड होता. चार तासांनी पहारेकरी दारात.

"बोट वाळत घातलीय का?" म्हणाला.

जाऊन बघतो तर पाणी पुरुषभर उतरलेलं आणि बोट खुंटीवरच्या कोटासारखी नाकानं लटकलेली. शेपूट चिखलात. गाद्या, पाण्याची पेटी, काळा चष्मा, सगळं घसरत जाऊन चिखलात बसलेलं. ताई, पन्नास वर्षांत इतकं समाधान मला झालं नव्हतं.

"दोर कोणी बांधला?" लेकीनं विचारलं.

"चुकलं," जावईबापू म्हणाले. मी क्षितिजाकडे बघत होतो.

तेव्हा तूच सांग, अशा माणसाच्या भरवशावर माझी होडी विकायची? रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. त्याआधी लेकीला चार ओळी लिही. ती आत्याच्या शब्दाबाहेर नाही. (आपल्यात कोण आहे?)

तुझा,
धाकटा

ता. क. दोर मी बांधला होता. लेक घराकडे पुढं निघाली होती, जावईबापू बांधायला गेले तर मीच म्हटलं, "ठेवा तो, तुम्ही किल्लीवाले." हातात दोर आला की मला मास्तरांची भरतीची कविता आठवते, ती म्हणता म्हणता गाठ मारली. गाठ अव्वल बसली. अख्खी बोट पेलली, सुटली नाही, शेवटी कापावी लागली. यातलं लेकीला काही लिहू नकोस.

आणखी ता. क. जावईबापूंना सगळं ठाऊक आहे, पण लेकीपाशी अजून अवाक्षर काढलेलं नाही. काल दोराचा तुकडा घेऊन माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "बाबा, होडी जायच्या आत ती गाठ तेवढी शिकवा." अशा आतल्या गाठीच्या माणसाचा काय भरवसा.

शेवटचं. त्या कवितेत भरतीनंतर ओहोटीचं एक कडवं होतं. ते शिकवलं तेव्हा मी गोवरानं घरी होतो. तू उशाशी बसून म्हणून दाखवलंस आणि मला झोप लागली. अजून पाठ असेल तर लिहून पाठव. दोन प्रती कर.