कार्डाच्या कोपऱ्यातली तारीख

३ मार्च
ती. दादास, सा. न. वि. वि.
यांना झटका येऊन आज नववा दिवस. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हे नुसते बघत राहतात, मला हाक मारणारं घरात कोणी उरलं नाही. तुझं नाव काढलं की मात्र डोळे दाराकडे वळतात. अरे, माझ्याशी लग्न होण्याआधीचे ते तुझे वर्गमित्र. डॉक्टर म्हणाले, फार तर पंधरा-वीस दिवस. तुझा इंग्रजी-मराठी शब्दकोश चार दिवस थांबेल, ये. लोभ आहेच, या वेळी तो येऊन दाखव.
तुझी धाकटी

२ एप्रिल
चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र वाटेत कुठे अडकलं देव जाणे. मिळालं तेव्हा तो जाऊन आठवडा झाला होता. फार वाईट वाटलं.
मन रमवायला कामाला बसलो, तर समोर शब्द 'स्ट्रिकन'. म्हणजे रोगाने, दुःखाने ग्रासलेला. 'स्ट्राइक'वरून आलाय. गंमत बघ, जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ होता हलका हात फिरवणं. तडाखा देणं मागाहून आलं. उदाहरणाला पुस्तकी वाक्य नको होतं, म्हणून दुःखाने ग्रासलेल्या बाईचं बोलणं म्हणून तुझ्या पत्रातलं घेतलं, मला हाक मारणारं कोणी उरलं नाही, ते. रागावू नकोस. पान छापायला गेलंय, तेव्हा ते वाक्य उतरवलेलं मूळ कार्ड तुलाच पाठवतो. जपून ठेव.
लोभ कमी होऊ देऊ नकोस.
दादा

११ एप्रिल
ती. दादास, सा. न.
कार्ड मिळालं. अक्षर नेहमीसारखं सुरेख.
लग्नाआधी दोन वर्षं मी तुझी कार्डं लावत होते. वाक्य उतरवलं की त्याच दिवसाची तारीख उजव्या कोपऱ्यात, हा नियम तुझाच. एकदा मी विसरले, तर शंभर कार्डं पुन्हा लिहायला लावलीस. या कार्डावर ७ मार्च आहे. हे गेले २० मार्चला.
तेरा दिवस होते तुझ्याकडे, आणि गाडीने सहा तास लागतात. दूधवाल्याने दार वाजवलं तरी हे मान उचलायला बघायचे. मी सांगायचे, दादा निघालाय. खोटं मीही बोलले, पण यांच्यासाठी.
माझं रडणं तुला कामाला आलं, याचा मला फार राग आहे. वाक्य राहू दे कोशात. हलका हात फिरवणं हा अर्थ आता जुना झाला म्हणतोस, तेही खरंच असेल.
कार्ड परत पाठवतेय. नियमाप्रमाणे खणात लाव. लोभाचं मी काही मागत नाही; तारीख तेवढी खोडू नकोस.
धाकटी