संदर्भांचा आहेर

सोम., १४ जुलै
बैठक. विभागप्रमुख जोगदंडांनी (इथून पुढे नुसतं जो.) पडद्यावर सगळ्यांची सायटेशन दाखवली. कुणी आपल्या पेपरात कुणाचा संदर्भ दिला, त्या रेषांचं जाळं. मधोमध जो. स्वतः. माझा ठिपका कोपऱ्यात, एकटा. "मॅडम, तुमाला कुनी वाचतच न्हाई. मंग लिहिता कावून?" सगळे हसले. पेपरासाठी नेकनूरच्या शेळ्यांच्या लेंड्या मी तपासल्या, जंत शोधत. या माणसानं शेळीला कधी हात तरी लावलाय? मेला.

शुक्र., १८ जुलै
मांजरसुंब्याला चहा, क्रीडा विभागाच्या सानप सरांबरोबर. कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवरच्या यांच्या पेपरात जो.च्या गोगलगायींवरच्या पेपरचा संदर्भ! वाचला का, विचारलं. "वाचायचा कशाला? मांडवात आहेराचं पाकीट फोडून बघतं का कुनी? आज आमी त्यांला घेतलं, उद्या ते आमाला घेतील." कोडगे कुठले. पण बढती यांची झाली. माझी मुलाखत पुढच्या महिन्यात. यंदा हुकली तर...

मंगळ., ५ ऑगस्ट
माझी सायटेशन वाढली! चार नवी. वेड्यासारखी हसले, आईला फोन केला. दुपारी जो. दारात. "पोचला न्हवं आहेर? मुलाखतीत लई कामाला येईल. पुढच्या पेपरात आमचं नाव घाला, बास." असं आहे तर. आता परतफेड.

बुध., ६ ऑगस्ट
चारही पेपर वाचले. बहुतेक मीच पहिली. माझ्या पेपरात स्पष्ट आहे: जंतांचं हे औषध इकडच्या शेळ्यांना आता लागू पडत नाही. चौघं लिहितात: औषध गुणकारी, आणि पुढे कंसात माझं नाव. एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलं, चुकीसकट. गाढवांनो, शीर्षक तरी वाचायचं! जो.कडे गेले, भांडले. "मोजनाऱ्याला काय फरक पडतो? आकडा तोच हाय." मग हळूच, "तक्रार केली तर चारी जातील. बघा बुवा."
डोकं नुसतं भणभणतंय. आणि आकडा पुन्हा उघडून बघितला, तेही खरं.

रवि., १० ऑगस्ट
नेकनूर. बाबूमामांकडे. पेपर यांच्याच शेळ्यांवर केलेला. दोन गाभण शेळ्या गेल्या. औषधवाला जो.चा जुना विद्यार्थी. त्यानं तेच औषध दिलं, वर माझं नाव सांगितलं. मामा म्हणाले, "तुमीच चांगलं म्हून लिवलंय म्हने. खरं हाय का बाई?"
नाही मामा, मी उलटं लिहिलंय. रडूच आलं. रागानं जास्त.
"मंग त्या लिवनारांना खोटं म्हना की, समद्यांम्होरं."
म्हणते, म्हटलं. गुरुवारी मुलाखत आहे, ते काही त्यांना सांगितलं नाही.