तीन बोटं डावीकडे

प्रिय क्षिप्रा,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी बरा आहे, आणि सध्या सारसोळ्याला जेट्टीजवळ एका खोलीत राहतोय. खिडकीतून खाडी दिसते. भरती आली की तिवरांची मुळं बुडतात आणि झाडं नुसती पाण्यावर ठेवल्यासारखी वाटतात. ओहोटी लागली की त्यांना पुन्हा पाय फुटतात. हे बघण्यात माझ्या सकाळी जातात. तू म्हणायचीस, तुला बघत बसायचीच नोकरी दिली पाहिजे. ती अजून कुणी दिली नाही. एका मांडववाल्याकडे लायटिंगचं काम करतो, आणि मध्ये मध्ये लोकांचे कंप्युटर बघून देतो. बारावीला बसलाही नाही त्याला हे कुणी शिकवलं म्हणशील, तर हिमाचलात मंडीला बर्फामुळे रस्ता बंद झाला होता तेव्हा एका मोबाइलवाल्याच्या दुकानात मुक्काम पडला. त्याच्याकडे एक लंगडं मांजर होतं, कीबोर्डवरच झोपायचं, आणि गिऱ्हाईक आलं की... जाऊ दे, मांजराचं पुन्हा कधीतरी.

खारघरला एका हॉलच्या कामाला गेलो होतो. जेवायच्या सुट्टीत पाय आपोआप तुमच्या सोसायटीकडे वळले. वर जायचं नव्हतं, नुसता सातवा मजला खालून बघायचा होता. तर गेटवर काकूच समोर. मी रिक्षाच्या मागे व्हायला लागलो तेवढ्यात हाक आली, "अरे ए भटक्या, लपतोस काय? दाढीत ओळखू येणार नाहीस असं वाटलं का?" मग भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "कंप्युटरमधलं काही कळतं का तुला? का नुसतेच डोंगर कळतात?" चार वर्षांत मी कुठं होतो, तुझं माझं काय झालं, एक शब्द नाही. थेट कंप्युटर. आई तुझीच आहे.

झालं होतं असं, की तो लॅपटॉप रात्री आपला आपण अपग्रेड झाला होता. नवं रूप, नवे रंग, आणि तू लावून दिलेल्या सगळ्या खुणा पुसलेल्या. काकूंनी मला सगळं समजावलं, शाळेतल्या मुलाला समजावतात तसं. पहिला पडदा म्हणजे हॉल. तिथं लाइट बिल, सोसायटीचे मेल, बातम्या. खालच्या काळ्या चौकोनावर, म्हणजे ट्रॅकपॅडवर, तीन बोटं ठेवून डावीकडे सरकवली की हॉल सरकतो आणि मागून क्षिप्राची खोली येते. तुझं डब्लिनचं घड्याळ, तिथलं हवामान, तू रोज टाकतेस ते फोटो, एवढंच त्या पडद्यावर. तीन बोटं उजवीकडे, की परत हॉल. "आता बोटं सरकवली की भलतंच काहीतरी उघडतं. हिची खोलीच नेली रे कुणीतरी," म्हणाल्या. तुझा फोन येतोच म्हणा, पण फोन तू केलास तर येणार. खोलीत त्यांना वाटेल तेव्हा जाता यायचं. दुपारी जाऊन बसायच्या, म्हणे. तुला सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाल्या, तिचं मार्चमध्ये तिथं नोकरीचं पक्कं व्हायचंय, तिच्या डोक्याला हे कशाला.

काम सोपं होतं. अपग्रेडनं तीन बोटांना दुसरं काम दिलं होतं, मी सेटिंगमध्ये जाऊन त्यांना जुनं काम परत दिलं. करून दाखवलं, झकास चाललं. काकूंनी केलं तर नाही. तेव्हा मला दिसलं की त्या बोटं टायपिंगवाल्यांसारखी ठेवतात, चारही, ओळीनं, टेकवून. पस्तीस वर्षांच्या नोकरीची सवय. मशीन चार बोटं मोजत होतं. मी शोध लागल्यासारखा ओरडलो, त्यांना चार बोटांची खूण लावून दिली. लावली आणि खोली आली. काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

आणि मीही बघितली गं तुझी खोली, खोटं कशाला बोलू. तुझ्या खिडकीचा तो फोटो होता, काचेवर पाऊस, बाहेर दुधात पडल्यासारखा उजेड, आणि कठड्यावर तू ठेवलेला पितळी डबा. इकडे काकूंच्या खिडकीत खारघरचा डोंगर, गवत नुकतं सोनेरी व्हायला लागलेलं, धबधब्याचा नुसता दोरा उरलेला. काकू चहा टाकायला गेल्या तेव्हा मी चार बोटं डावीकडे करायचो, उजवीकडे करायचो. डब्लिन, खारघर. डब्लिन, खारघर. मी एवढा हिंडलो, एसटी, ट्रक, लोकांच्या गाडीवर मागे बसून, आणि इथं नुसती बोटं सरकवून देश बदलत होता. थोड्या वेळानं मला कळेना की पाऊस कुठं पडतोय. चहा आला तो अर्धा कप. बशी नव्हती. मी म्हटलं, काकू, कंजुषी वाढली. त्या हसल्या.

दोन दिवसांनी फोन. खोली पुन्हा गेली. मी गेलो, वेग कमी केला. पुन्हा फोन. या वेळी दिशा उलटी करून बघितली. अपग्रेडनंतर पान बोटाच्या उलट्या बाजूला पळत होतं, तेही सरळ केलं. तिसऱ्या खेपेला माऊस नेला, म्हटलं ट्रॅकपॅडच सोडा. तर पडद्यावरचा बाण जाळ्यातल्या मासळीसारखा तडफडायला लागला, एका जागी थांबेना. मी हातात घेतला की शहाणा. काकू म्हणाल्या, "तुझी बोटं ओळखतं मेलं, माझी ओळखत नाही." मी त्या अपग्रेडला आईमाईवरून शिव्या दिल्या, तुझी माफी मागून सांगतो.

त्या दुपारी दिवे गेले. पंखा थांबला, खाली कुणाचा तरी प्रेशर कुकर, बाकी शांत. काकू सोफ्यावर डोंगराकडे बघत बसल्या होत्या आणि वाती वळत होत्या. अंगठा आणि पहिलं बोट, सारखं, एका लयीत, जसं तू आणि मी त्यांच्यासमोर बसून कापूस पिंजायचो तेव्हा चालायचं. मला इतकं बरं वाटलं. वाटलं काहीच बदललं नाही, आत्ता तू आतून येशील, केसाला टॉवेल गुंडाळून. बराच वेळ मी त्या हाताकडे बघत होतो. मग दिसलं की हातात कापूस नाहीये.

मला दिसलंय हे त्यांना कळलं. त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि म्हणाल्या, थंडी सुटली यंदा लवकर. क्षिप्रा, दिवे गेलेले, ऑक्टोबर, माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मशीनला काहीच झालेलं नाही. अपग्रेडनं एका दुपारचं काम वाढवलं, बस. खुणा पहिल्या दिवसापासून बरोबर लागल्यात. बोटं टेकतात, पण सरकताना थरथरतात, मशीनला वाटतं कुणी टकटक करतंय. हे किती दिवस चाललंय विचारलं तर म्हणाल्या, चहा घे. मग म्हणाल्या, "क्षिप्राला फोनवर बोलायचं नाहीस. मेसेज करायचा नाहीस. ती सगळं टाकून येईल, मी ओळखते तिला. शप्पथ घे." मी घेतली. फोन नाही, मेसेज नाही. पत्राचं त्या काही बोलल्या नाहीत. आजकाल पत्र कोण लिहितं. मीही शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून एवढं लांबलं. मला कळतं की ही पळवाट आहे. त्यांना कळलं तर मला गेटवर पुन्हा हाक यायची नाही, तेही कळतं. काकूंची ती एक हाक मला आवडायला लागलीय.

खोली मात्र मी परत आणून दिली. जुईनगरला आपल्या दोस्ताच्या, प्रसादच्या ऑफिसात एक जुना माऊस पडला होता, वर मोठा गोळा असलेला. तो जागचा हलतच नाही, नुसतं बटण दाबायचं. त्याच्या एका बटणाला खोली लावली, दुसऱ्याला हॉल, आणि तो लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ठेवला. काकू डाव्या हातानं दाबतात. परवा गेलो तर त्या तुझ्या खोलीत होत्या, आणि उजवा हात मांडीवर आपल्या वाती वळत होता. "बघ, मशीनचीच खोड होती," म्हणाल्या. मी म्हटलं, हो काकू.

हे पत्र प्रसादची बहीण गीतांजली आणतेय, ती तिकडे शिकायला चाललीय. काकूंनीही तिच्याकडे दरवर्षीसारखी दिवाळीची पुडी दिलीय. उघड आणि फुलवातींना हात लाव. सगळ्या एकसारख्या आहेत, विकतच्या. त्यावरून तुला कळलंच असतं, पण कदाचित वाटलं असतं की आईला कंटाळा आला असेल. तसं वाटू नये म्हणून हे लिहितोय. येऊ नकोस, निदान लगेच नको. आजाराचं नाव मी घेत नाही, मी डॉक्टर नाही. माझ्याबरोबर त्या डॉक्टरकडे येणार नाहीत, मी दोनदा विचारलं. तू सांगितलंस तर येतील. मी गोकर्णला निघणार होतो, पिशवी भरून खुंटीला टांगलीय, ती तिथंच राहील. तू फक्त एवढं कर. रविवारी फोन झाला की त्या कॅमेऱ्यासमोर हात हलवून अच्छा करतात ना, तो डावा हात असतो. कधीपासून, ते तू आठव. या रविवारी म्हण, आई, उजव्या हातानं कर ना. आणि मग जेवढा वेळ लागेल तेवढा थांब. मी खाली गेटवर उभा असेन, रिक्षा थांबवून.

तुझाच (सवयीनं पडला हा शब्द, राहू दे),
अंकुश