मला होऊन गेलंय

२ फेब्रुवारी
शाळेच्या सिक-रूममध्ये मी आणि ताई, शेजारशेजारच्या खाटांवर. दोघींच्या हनुवटीखालून नेऊन डोक्यावर गाठ मारलेले पांढरे रुमाल. अगदी दोन ससे. सिस्टर बशीतून बर्फ आणायच्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, आणि हसलं की दुखायचं.
आज हे आठवलं, कारण लेकीच्या कॉलेजात गालगुंडाची साथ आलीय. विशीतल्या घोड्यांना गालगुंड! नर्सबाई म्हणतात, लहानपणी एकच डोस झालेल्यांनी दुसरा घ्यावा. लेकीचा एकच झालाय. पण मला होऊन गेलंय, म्हणजे आमच्या रक्तातच ताकद आहे.

३ फेब्रुवारी
ठरलं. लस नको. सत्तावीसला लेकीचं व्हायोलिन आणि तिच्या वर्गातल्या बासरीवाल्याची बासरी. परीक्षक बाहेरून येणार, निवडलेल्या जोडीला वर्षभराचा दौरा. ऐन रियाजात दंड दुखला तर? दोघांना समजावलं. लेक म्हणाली, आई, तू डॉक्टर कधी झालीस? बासरीवाला गुणी. काकू म्हणतायत तर राहू दे, म्हणाला. हल्ली अशी मुलं मिळत नाहीत.

७ फेब्रुवारी
लेकीची मैत्रीण हॉस्टेलवर गालगुंडाने आडवी. सूप घेऊन गेले. लेक जाऊ नको म्हणत होती, म्हणून डबा धरायला बासरीवाल्याला नेलं. सूप फार गरम नाही ना, ते तिच्याच चमच्याने चाखून पाहिलं. मला काय होणार? तो बिचारा तिच्या उशाशी बसून तिला हसवत होता.

१५ फेब्रुवारी
हिरवी रेशमी साडी इस्त्रीला दिली. पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली. शेजारणीच्या मुलालाही लस नको म्हणून सांगितलं.
संकल्प: न विचारता कोणाला सल्ला द्यायचा नाही. (शेजारीण विचारणारच होती.)

२४ फेब्रुवारी, सकाळ
उजवा गाल जड. दाढ असणार.

संध्याकाळ
डावीही दाढच असणार.

२५ फेब्रुवारी
डॉक्टरांना म्हटलं, मला होऊन गेलंय. ते म्हणाले, नाही हो, आत्ता होतंय.
ताईला फोन केला. ती हसतच सुटली. अगं वेडे, गालगुंड मला झालं होतं. तुझी दाढ किडली होती!
लेक शांतपणे म्हणाली, मी चार तारखेलाच मावशीबरोबर जाऊन लस घेतली. आधी संतापले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बरं झालं, माझं ऐकलं नाहीस, हे मात्र तोंडातून निघेना. गाल दुखत होते म्हणून.
गाल दुखत होते म्हणून नाही.

२६ फेब्रुवारी
बासरीवाल्याच्या आईचा फोन. दोन्ही गाल सुजलेत, ओठांचा चंबू होत नाही, फुंकर निघत नाही. मावशीबरोबर जाताना लेकीने त्यालाही चल म्हटलं होतं. काकूंचा शब्द कसा मोडू, म्हणाला होता. त्याची आई रागावली नाही, उलट माझीच तब्येत विचारली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी
मी मागच्या खोलीत. लेक आज एकटीच वाजवणार. जोडी नाही, म्हणून निवडही नाही. दाराखालून चिठ्ठी सरकवतेय:
पहिल्या रांगेतली खुर्ची ताईला. हिरवी साडीही तिलाच, तिला ती माझ्यापेक्षा जास्त शोभते. आइस्क्रीमचा अख्खा डबा बासरीवाल्याला. दारात ठेवून यावं, माझं नाव सांगू नये. शेजारणीला नर्सबाईंचा नंबर, आजच.
पांढरा रुमाल मला. या वेळी खरंच लागणार आहे.