हिरूपणजीची तारीख

हिरूपणजी,

मला कामावरून यायला उशीर झाला की आई ओरडते, "त्या पळालेल्या हिरूवर गेलीस!" पितरांच्या पानातही तुझ्या नावाचा घास नसतो.

काल मरोळला आमच्या कंपनीत आग विझवायचं शिकवायला फायर ब्रिगेडचे साहेब आले होते. म्हणाले, "चौदा एप्रिल चव्वेचाळीस. दुपारी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं. कित्येक माणसं सापडलीच नाहीत."

तुझा लेक, माझा आजा, जन्मभर सांगतोय, "पाच वर्सांचा होतो मी. लढाई चालू होती. आये मुंबईला मासळी विकाया गेली. दुपारी असा आवाज झाला, उतरंडीची मडकी फुटली. ती काय परत आली नाय." आदल्या रात्री घरात भांडण झालेलं, म्हणून सगळ्यांनी तू पळालीस असं ठरवून टाकलं. शोधायला एकही जण गेला नाही!

आजाला सांगायला मी तडक घरी माहुलला आले. तो उंबऱ्यात खाडीकडे तोंड करून बसलेला. त्याला आता दिसत नाही. माझी पावलं ऐकून म्हणाला, "कोण? आये?"

"नाय आजा, नमिता."

तारीख न सांगताच मी त्याच्याशेजारी बसले. त्याच्यासाठी तू अजून यायची आहेस. मी सांगितलं, तर तू आज मरशील.

तुझ्यावर गेलेली,
नमिता