जुन्या नावाची हाक

४ जानेवारी १८५६

पोचले एकदाची. ओहायो नदीच्या अगदी काठावर, गुलामी नसलेल्या मोकळ्या बाजूला, केझाया मावशींचं लाल दाराचं घर. पलीकडच्या केंटकीतून पळून आलेल्या गुलामांना मावशी दोन दिवस पोटभर जेवू घालतात नि उत्तरेला लावून देतात. मी त्यांच्या हाताखाली. मला मक्याची भाकरी थापता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच घासाला जाहीर केलं. "शाळा शिकलीस ना, मग भाकरीवर अक्षरं काढ. खाता नाही आली तरी वाचता येईल," म्हणाल्या. मी पोट धरधरून हसले. तीन वर्षांपूर्वी हीच नदी ओलांडून पळाले, तेव्हा पुन्हा असं हसेन असं वाटलं नव्हतं.

९ जानेवारी

या घरात एक नियम आहे. नदी ओलांडली की जुनं नाव टाकायचं, नवं घ्यायचं, आणि जुन्या नावाला काही झालं तरी ओ द्यायची नाही. पळालेल्यांना पकडून नेणारे इकडेही येतात, कायदा त्यांच्याच बाजूचा आहे. काठावरून जुनी नावं मोठ्यानं पुकारत फिरतात. जो मान वळवतो, त्याच्या पायात साखळी. कधी हाका मारायला बायका भाड्यानं आणतात, कारण बाईच्या आवाजाला माणूस भुलतो. मावशींचा सख्खा भाऊ असाच गेला. अंगणात लाकडं फोडत होता, "काय गं?" म्हणाला, संपलं.

मी रोझेटा. टेंपीला मी केव्हाच पुरलं.

१५ जानेवारी

खरं कारण आज लिहिते. मी इथे आले ते मायसाठी. ती अजून पलीकडे, मी पळाले त्याच मळ्यावर आहे. नदी गोठून दगड झालीय. फुटक्या भांड्यांना डाग देणारा एक म्हातारा दोन्ही काठांवर फिरतो, तो आपला माणूस आहे. त्याच्याकरवी निरोप धाडला: पहिलं दाट धुकं पडलं की बर्फावरून सरळ चालत ये, लाल दार, तुझी लेक तिथे आहे. नवं नाव तेवढं सांगितलं नाही. म्हातारा पकडला गेला तर त्याच्या तोंडून निघायला नको, असं मावशी म्हणाल्या. मलाही पटलं.

मायला लोकरीचे मोजे विणतेय. तिची पावलं केवढी, तेच आठवेना. रडू आलं.

२३ जानेवारी

सकाळी असं धुकं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. मी पीठ मळत होते. नदीवरून हाक आली, "टेंपी." बाईचा आवाज, फाटलेला. मी परातीची कड धरून उभी राहिले. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा आली, "टेंपी, कुठे आहेस गं? काही दिसत नाही मला." तिसऱ्यांदा नुसतं नाव. मग काही नाही.

मी ओ दिली नाही. मावशींनी पाठीवरून हात फिरवला, शहाणी पोर म्हणाल्या. मला अभिमान वाटला.

२५ जानेवारी

डागवाला म्हातारा आला होता. निरोप पोचला, परवा धुक्यात माय निघाली, एकटीच निघाली, म्हणाला.

ओढा नदीला मिळतो तिथे बर्फ पातळ असतो. तिथे भगदाड पडलंय. कडेला गाठोडं. त्यात दोन भाकरी, आणि लहानपणी मी चावून चावून कड मोडलेला तिचा लाकडी चमचा.

आमच्या दारापासून शंभर पावलं. मी ओ दिली असती तर ती आवाजाच्या रोखानं आली असती. नवं नाव तिला कुठे ठाऊक होतं? दुसरी कसली हाक मारणार होती ती?

मळ्यावर माय कायम माझ्या कानात बोलायची. तिला ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणून ओळखलं नाही.

२८ जानेवारी

पुन्हा धुकं. पुन्हा हाक, तीनदा. मावशींना ऐकू आली नाही. दुःखात कान वाजतात, म्हणाल्या. मग पायरीवरचं ओलं पाऊल त्यांनीच पुसलं. माझ्याकडे न बघता.

३० जानेवारी

पावलं दाराशी आलीत. अनवाणी. किती लहान आहेत. मोजा केवढा हवा ते कळलं.

मावशींनी दाराला आतून जड पेटी सरकवून लावलीय. आता ती तुझी माय राहिली नाही म्हणतात, ओ दिलीस तर त्याच भगदाडातून तुला नेईल.

१ फेब्रुवारी

मी सांगितलं. दाराच्या फटीला तोंड लावून. माय, आता मी रोझेटा.

बाहेर एकदम शांत —

२ फेब्रुवारी

मावशी विहिरीवर गेल्यात. त्यांच्यामागे धुकं घरात आलंय. दुसरा मोजा संपवला.

हाक आता पाठीमागून. हळू. कानात बोलल्यासारखी. नाव नवं आहे, तिला नीट जमत नाही — रो — रोझे —

खुर्चीखाली पाणी —

दोन हाका झाल्या. तिसरीला या वेळी मी गप्प —

ओ, माय. ओ. इथे आहे मी, इथे —