ब्रेकच्या डिस्कवरचा अंगठा

शनिवार, दिवेलागण

"नव्या डिस्कला बोट लावायचं नाही हं, ग्रीस लागलं की ब्रेक लागत नाही," अण्णा मला म्हणाले होते, याच जीपपाशी बसून. तेव्हा मी शाळेत होते आणि नुसते पकडी-पाने हातात द्यायचे.

आज मल्लेश्वरमच्या घरासमोर आम्ही बाप-लेकीने पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या. एक स्क्रू गंजून अडकला होता. "लेखिकाबाई, पेन नाही ते, जोर लावा," अण्णा हसत म्हणाले. लावला, निघाला. नवी डिस्क त्यांनीच पुसून बसवली, चष्मा वर करून जवळून पाहिली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, स्वच्छ आहे." जिथे ब्रेकचे पॅड घासतात तिथेच त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा होता.

ते पॅड घ्यायला वळले तेव्हा मी तो फडक्याने पुसून टाकला. नंतर गल्लीत चक्कर मारून पाहिली, ब्रेक छान लागतो. गाडीचं काहीच चुकलेलं नाही. मग इतकं का खुपतंय? एवढा काळा ठसा दिसला नाही, तर रस्ता ओलांडणारं माणूस कसं दिसेल? आईला सांगू? नको, आधी त्यांनाच. तो ठसा मी गुपचूप पुसायला नको होता. दाखवायला हवा होता.

उद्या ते जीप घेऊन एकटेच आनेकलला मामांच्या शेतावर निघणार आहेत. नाही म्हणतील, वर हसतीलही, हे ठाऊक आहे. तरी सकाळी कॉफी देताना म्हणणार आहे: अण्णा, आजपासून किल्ली माझ्याकडे द्या, तुम्ही शेजारी बसा.